पेब्रिनचा बीजाणू होलोग्रामने ओळखता येईल का?

आरमोरी तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलं आहे: "आमच्या घरी कोसा (टसर रेशीम) घेतात. मागच्या हंगामात पेब्रिनने झाडावरची अर्धी अळी गेली. मी बी.एस्सी. झालो आहे. लेसर आणि साधा कॅमेरा वापरून होलोग्राफिक मायक्रोस्कोप घरी बनवता येतो असं वाचलं. त्यातून मादी पाखरातले पेब्रिनचे बीजाणू ओळखता येतील का? आणि त्याच यंत्रावर रक्तातली सिकलसेल दिसेल का?"

आधी थेट उत्तर देतो. बीजाणू दिसतील. तो बीजाणूच आहे हेही बऱ्याच खात्रीने सांगता येईल, पण त्यासाठी यंत्राची मांडणी नीट विचार करून करावी लागेल आणि निदान एक हंगाम साध्या मायक्रोस्कोपच्या जोडीने काम करावं लागेल. सिकलसेलचं उत्तर वेगळं आहे, ते शेवटी देतो.

मी बरीच वर्षं प्रकाशाची उपकरणं जुळवण्याचं काम केलं. आता नागभीडकडे राहतो आणि ओळखीच्या कोसा उत्पादकांची पाखरं हंगामात तपासून देतो. पुढे लिहिलेलं त्या कामातून आलेलं आहे.

तुम्हाला रोग माहीत आहे, पण इतर वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. पेब्रिन हा रेशमाच्या अळीचा रोग नोसेमा नावाच्या परजीवीमुळे होतो. तो मादीच्या पोटातून थेट अंड्यात जातो. म्हणजे अळी रोग घेऊनच जन्मते, ऐनाच्या नाहीतर अर्जुनाच्या झाडावर चढते, तिच्या विष्ठेने पानं बाधित होतात आणि शेजारची निरोगी अळीही ती पानं खाते. झाडावर उघड्यात चालणाऱ्या कोसा शेतीत मग ते थांबवणं फार अवघड. लुई पाश्चरने १८६५ पासून दक्षिण फ्रान्समध्ये यावर काम केलं आणि उपाय सुचवला तो असा: अंडी घालून झालेली मादी चिरडून मायक्रोस्कोपखाली पाहा, बीजाणू दिसले तर तिची सगळी अंडी टाकून द्या. आजही अंडीपुंज (एका मादीची सगळी अंडी) निर्मिती केंद्रात मुळात हेच करतात. पोटॅशियम कार्बोनेटच्या पातळ द्रावणात पाखराचं पोट खलायचं, गाळायचं, एक थेंब स्लाइडवर घ्यायचा आणि सुमारे ६०० पट मोठं करून पाहायचं. बीजाणू लंबगोल, चकाकणारा, साधारण ४ माइक्रॉन (माइक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब आणि २ माइक्रॉन रुंद असतो.

इथेच खरी अडचण सुरू होते. त्या थेंबात ४ माइक्रॉनच्या आसपासच्या कितीतरी गोष्टी असतात: चरबीचे गोळे, युरिक आम्लाचे स्फटिक, यीस्ट, हवेचे बुडबुडे, शरीराचा चुरा. अनुभवी तपासनीसाचा डोळा त्यातून बीजाणू निवडतो. तो डोळा तयार व्हायला वर्षं लागतात आणि दिवसाला शेकडो स्लाइड पाहून तो थकतोही. म्हणून "दिसेल का" यापेक्षा "चरबी आणि बीजाणू वेगळे करता येतील का" हा प्रश्न धरून चला. होलोग्रामचं बळ नेमकं तिथे आहे.

डेनिस गॅबर यांनी १९४८ मध्ये ही कल्पना मांडली, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप सुधारण्याच्या खटपटीत. १९७१ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. कल्पना साधी आहे. लेसरचा सरळ झोत नमुन्यातून जातो. कणावर आदळलेला थोडा प्रकाश विखुरतो, बाकीचा सरळ पुढे जातो. दोन्ही एकमेकांत मिसळले की कॅमेऱ्यावर एकात एक अशी वर्तुळं उमटतात. ही वर्तुळं म्हणजे कणाचा फोटो नव्हे. पण ती किती दाट आहेत, किती ठळक आहेत, मधला ठिपका कसा आहे, यात कण किती दूर आहे, केवढा आहे आणि कशाचा बनलेला आहे ही तिन्ही माहिती असते. "कशाचा बनलेला" याचं माप म्हणजे अपवर्तनांक, म्हणजे त्या पदार्थात प्रकाश किती पट मंदावतो तो आकडा. पाण्याचा १.३३, दुधातल्या चरबीचा सुमारे १.४६, पॉलिस्टायरिन प्लॅस्टिकचा १.५९, हवेचा १.

गोल कणाने प्रकाश कसा विखुरतो याचं पूर्ण गणित गुस्टाव्ह मी यांनी १९०८ मध्ये दिलं. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या डेव्हिड ग्रायर यांच्या गटाने २००७ मध्ये ते होलोग्रामला लावून दाखवलं: मोजलेली वर्तुळं आणि गणितातली वर्तुळं जुळेपर्यंत त्रिज्या, अपवर्तनांक आणि जागा बदलत राहायचं. जुळलं की एकेका कणाची त्रिज्या काही नॅनोमीटरपर्यंत आणि अपवर्तनांक हजारात एक इतक्या बारकाईने मिळतो. होलोपाय नावाचं मोफत सॉफ्टवेअर हे काम करतं. थोडं पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) येत असेल तर तुम्ही ते चालवू शकाल.

आता मांडणी. भिंगाशिवायची मांडणी सगळ्यात स्वस्त: कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच स्लाइड ठेवायची, वरून लेसर किंवा बारीक छिद्रातून एलईडीचा प्रकाश. बहुधा तुम्ही हीच वाचली असेल. तळ्यातले शैवाल, परागकण, रक्तपेशींची मोजणी यांना ती चांगली आहे. पेब्रिनला मात्र मी ती सुचवणार नाही. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या ८ मेगापिक्सेल कॅमेऱ्यात एक पिक्सेल १.१२ माइक्रॉनचा असतो. त्यावर रंगांची जाळी असते, त्यामुळे लाल लेसरचा प्रकाश चारातल्या एकाच पिक्सेलला नीट कळतो. म्हणजे कामाचे पिक्सेल २.२४ माइक्रॉन अंतरावर. बीजाणूची रुंदीच २ माइक्रॉन. त्याचा आकार त्या जाळीत कुठेच पकडला जाणार नाही.

म्हणून कॉलेजात असतो तसा साधा मायक्रोस्कोप घ्या. दिवा आणि कंडेन्सर काढा, खालून लेसरचा सरळ, समांतर झोत सोडा. आयपीस काढून त्या जागी कॅमेऱ्याचा सेन्सर बसवा, त्याचं स्वतःचं छोटं भिंग काढून. ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे नमुन्याजवळचं भिंग, २० पट मोठं करणारा घ्या. १०च्या ऑब्जेक्टिव्हने लाल प्रकाशात दीड माइक्रॉनच्या खालचं काही वेगळं दिसत नाही, आणि ४०च्या खाली जागा इतकी कमी उरते की खोल चेंबर बसवताना काच फुटते. २०चा बहुतेक कॉलेजच्या मायक्रोस्कोपवर नसतो, वेगळा घ्यावा लागतो. नमुना रक्तपेशी मोजायच्या न्यूबॉवर चेंबरमध्ये भरा. त्याची खोली नेमकी ०.१ मिलिमीटर, म्हणजे १०० माइक्रॉन असते. रेघा नसलेल्या भागात पाहा, नाहीतर रेघांचे पट्टे वर्तुळांत मिसळतात.

एक गोष्ट अगदी गांभीर्याने घ्या. लेसर चालू असताना आयपीसमधून कधीही डोळा लावून पाहू नका. भिंगं झोत एकवटतात आणि डोळ्याचा पडदा कायमचा जळू शकतो. मी आयपीसच्या नळीवर कॅमेरा पक्का चिकटवून टाकला आहे, म्हणजे घरातल्या मुलांनाही चुकून वाकून पाहता येऊ नये.

पहिले पंधरा दिवस पाखराला हात लावू नका. दूध घ्या. घरच्या म्हशीचं कच्चं, न तापवलेलं दूध, पाण्यात हजार पट पातळ केलेलं: आधी एक थेंब शंभर थेंबांत, मग त्यातला एक थेंब दहा थेंबांत. पाकिटातलं दूध चालणार नाही, कारण त्यातली चरबी यंत्राने फोडून फार बारीक केलेली असते. कच्च्या दुधातले चरबीचे गोळे एक ते दहा माइक्रॉनचे, अगदी गोल आणि अपवर्तनांक ठाऊक असलेले. प्लॅस्टिकचे मोजलेले मणी विकत मिळतात, पण ते महाग पडतात. आपल्या गोठ्यात फुकट मिळणारं दूध पहिल्या जुळवणीला त्यांच्या जागी चालतं. सॉफ्टवेअरने १.४६ च्या जवळ आकडा दिला तर तुमची मांडणी ठीक. १.५२ किंवा १.४० आला तर झोत तिरपा आहे, मोजपट्टी चुकली आहे किंवा पार्श्वभूमी नीट वजा झालेली नाही.

पार्श्वभूमी म्हणजे काय, ते सांगतो. भिंगावर, काचेवर, सेन्सरवर धूळ असतेच, आणि लेसरमध्ये प्रत्येक धूलिकणाचीही वर्तुळं दिसतात. धूळ हलत नाही, दुधाचे गोळे हलतात. म्हणून एकाच जागेच्या शंभरेक चौकटी (चित्रफितीतली एकेक चित्रं) घ्या, प्रत्येक पिक्सेलचा मधला आकडा, म्हणजे मध्यक, काढा. ती झाली पार्श्वभूमी. प्रत्येक चौकटीला तिने भागा. ही पायरी गाळून केलेलं एकही मोजमाप मी विश्वासाने घेत नाही.

आता या कामातला मला सगळ्यात उपयोगी वाटलेला भाग. पहिल्या हंगामात मी फक्त आकारावर विसंबलो. एका मादीच्या थेंबात सॉफ्टवेअरने ३ ते ४ माइक्रॉनचे पन्नासेक कण मोजले. मी त्यांना बीजाणू धरलं आणि त्या कुटुंबाने तो अंडीपुंज जाळून टाकला. दुसऱ्या दिवशी अनुभवी तपासनीसाने तोच नमुना साध्या मायक्रोस्कोपखाली पाहिला. एकही बीजाणू नव्हता, सगळी चरबी होती. चांगली दीडदोनशे अंडी माझ्यामुळे वाया गेली. साठवलेल्या चित्रफितीकडे परत गेलो तेव्हा उत्तर तिथेच पडलेलं होतं. त्यातला प्रत्येक कण हळूहळू वर चढत होता.

होलोग्राममध्ये कणाची खोलीही मोजली जाते, हे आपण विसरतो. चेंबर आडवं असल्यामुळे ही खोली म्हणजे सरळ उभी दिशा. चरबी पाण्याहून हलकी, बीजाणू जड. ४ माइक्रॉनचा चरबीचा गोळा २० अंशाच्या पाण्यात सेकंदाला सुमारे ०.७ माइक्रॉन वर चढतो, म्हणजे मिनिटाला ४० माइक्रॉन. १०० माइक्रॉनच्या चेंबरमध्ये हे अंतर अगदी ठळक दिसतं. बीजाणू त्याच वेळी खाली बसत जातो. साध्या मायक्रोस्कोपमध्ये हे पाहायचं तर नॉब फिरवत एका कणाचा पाठलाग करावा लागतो. होलोग्राममध्ये एका मिनिटाच्या चित्रफितीतून चौकटीतल्या सगळ्या कणांची चढ-उतार एकदम निघते.

यात दोन खाचा आहेत. पहिली, एका सरळ झोताच्या होलोग्राममध्ये कण फोकसच्या वर आहे की खाली हे सहज कळत नाही. म्हणून फोकस चेंबरमधल्या द्रवाच्याही थोडा वर, ऑब्जेक्टिव्हच्या बाजूला ठेवा, म्हणजे सगळे कण एकाच बाजूला राहतील. कुठली दिशा "वर" आहे याची खात्री दुधाने करून घ्या, दुधाची चरबी वरच जाणार. दुसरी खाच म्हणजे पाण्याचा प्रवाह. चेंबरच्या कडेने पाणी वाळत असेल किंवा जवळ गरम दिवा असेल तर सगळेच कण एका बाजूला वाहतात. कडेला व्हॅसलीन लावा, पाच मिनिटं थांबा. सगळे कण एकाच दिशेने जात असतील तर तो प्रवाह आहे, त्या चित्रफितीवरून निष्कर्ष काढू नका.

गुस्टाव्ह मी यांचं गणित गोल कणासाठी आहे आणि बीजाणू लंबगोल आहे, हा आक्षेप बरोबर आहे. त्यामुळे बीजाणूला गोल समजून काढलेला अपवर्तनांक अचूक नसतो, आणि मी त्या आकड्यावर एकट्याने निर्णय घेत नाही. पण लंबगोल कण पाण्यात हलता हलता हळूहळू वळतो. या मापाच्या कणाला पुरतं वळायला दहा-वीस सेकंद लागतात. वळला की त्याची वर्तुळं कधी लांबट, कधी गोल दिसतात आणि सॉफ्टवेअरचा आकडा वरखाली होतो. चरबीचा गोळा कितीही वळला तरी त्याची वर्तुळं तशीच. म्हणून आकडा स्थिर नसणं ही इथे खूण म्हणून वापरता येते. यीस्टही लंबगोल असतं आणि बुडतं, तेव्हा ते इथे फसवू शकतं. त्याला बहुधा कळी फुटलेली असते, ती साध्या मायक्रोस्कोपखालीच पाहावी लागते.

किती चौकटी पाहायच्या? या कॅमेऱ्याने २०च्या ऑब्जेक्टिव्हवर एका चौकटीत सुमारे १८४ गुणिले १३८ माइक्रॉनचा भाग येतो. १०० माइक्रॉन खोली धरली तर एका मायक्रोलिटरचा साधारण चारशेवा भाग. चाळीस जागा पाहिल्या तर ०.१ मायक्रोलिटर. तपासनीस ४०च्या ऑब्जेक्टिव्हने पाच जागा पाहतो तेव्हा, कव्हरस्लिपखाली थर २० माइक्रॉनचा धरला तर, त्याच्या नजरेखालून याच्या सहाव्या भागाइतकं द्रव जातं. म्हणजे फायदा आहे, पण अफाट नाही. हलकी लागण असेल आणि मिलिलिटरला दहा हजार बीजाणू असतील तर तुमच्या चाळीस जागांत सरासरी एक बीजाणू येईल. सरासरी एक असताना एकही न दिसण्याची शक्यता ३७ टक्के. सरासरी तीन असेल तर ती ५ टक्क्यांवर येते. त्यामुळे यंत्र सुधारण्याआधी नमुना घट्ट करा. गाळलेलं द्रावण सेंट्रिफ्यूजमध्ये (नळ्या जोराने फिरवणाऱ्या यंत्रात) फिरवलं की बीजाणू तळाला बसतात, चरबी वर येते, वरचं ओतून द्यायचं. चेंबरमध्ये मिनिटात होणारी चढ-उतार इथे नळीत जोराने घडते. जवळच्या कॉलेजात सेंट्रिफ्यूज असतो, मागून पाहा.

उन्हाचा विचार करा. आपल्याकडे पावसाच्या तोंडावर पाखरं निघतात तेव्हाही खोलीत ३८-४० अंश असतात. पाण्याचा अपवर्तनांक २० अंशाला १.३३३० असतो, ४० अंशाला १.३३०६. हा फरक छोटा आहे, पण सॉफ्टवेअरला खरा आकडा द्यायला काय हरकत आहे. पाण्याचा चिकटपणा मात्र ४० अंशाला जवळजवळ दोन तृतीयांश होतो, म्हणजे चरबी दीडपट वेगाने चढते. चेंबरजवळ थर्मामीटर ठेवा आणि प्रत्येक चित्रफितीसोबत तापमान लिहा. लेसर पॉवरबँकेवर चालवा आणि वापरण्याआधी पंधरा मिनिटं चालू ठेवा, लाइन येत-जात असली की प्रकाश डगमगतो. हादऱ्यांची फार काळजी नको. या मांडणीत दोन्ही प्रकाश एकाच वाटेने जातात, त्यामुळे शेजारची चक्की चालू असली तरी वर्तुळं टिकतात.

दोन चुकांची किंमत सारखी नाही. निरोगी अंडीपुंज टाकला तर एका मादीची अंडी गेली. बाधित अंडीपुंज ठेवला तर झाडावरचं सगळं पीक धोक्यात. म्हणून "शंका" असा तिसरा खाना ठेवा: बुडणारे, लांबट वर्तुळांचे एक-दोनच कण दिसले तर ती मादी तपासनीसाकडे पाठवा. पहिला हंगाम तर सगळ्याच माद्या दोघांनी पाहाव्या. आधी तपासनीस, मग तुम्ही, दोघांनी वेगवेगळ्या वहीत लिहायचं आणि हंगाम संपेपर्यंत एकमेकांची वही पाहायची नाही. शक्य झालं तर जिथे दोघांचं जुळत नाही ते नमुने पीसीआर या जनुकीय चाचणीसाठी द्या. तोवर यंत्राच्या आकड्यावरून एकही अंडीपुंज जाळू नका, एकही पास करू नका.

आता सिकलसेल. आपल्या भागात हा प्रश्न घरोघरी आहे, त्यामुळे विचारणं साहजिक आहे. तांबडी पेशी सात-आठ माइक्रॉनची चपटी चकती असते, गोल नसते, त्यामुळे वरचं गणित तिला लागू होत नाही. तिच्यासाठी वेगळ्या कोनातून दुसरा झोत आणून प्रकाशाला किती उशीर झाला ते मोजतात. दोन माइक्रॉन जाडीच्या पेशीतून जाताना लाल प्रकाश सुमारे पाचव्या हिश्शाच्या लहरीने मागे पडतो, आणि त्यावरून पेशीतलं हिमोग्लोबिन किती हे काढता येतं. संशोधनाला हे उत्तम आहे. पण घरी निदान म्हणून करू नका. वाहक व्यक्तीच्या (जिला स्वतःला आजार नसतो, पण जी तो मुलांना देऊ शकते) पेशी साध्या तपासणीत नेहमीसारख्याच दिसतात, तुमच्या यंत्राखालीही बहुधा तशाच दिसतील, आणि "काही नाही" असं कोणाला सांगितलंत तर ते लग्नापर्यंत, मुलांपर्यंत जाऊन पोचतं. सोल्युबिलिटी चाचणी आणि मग इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचण्या) हीच वाट आहे. २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. दुसऱ्याचं रक्त घरी हाताळणं तर अजिबात नको.

तुमच्याकडे कोणता मायक्रोस्कोप आहे आणि २०चा ऑब्जेक्टिव्ह मिळतो का, तेवढं कळवा. दुधाची पहिली चित्रफीत झाली की त्यातला एक गोळा निवडून त्याचा अपवर्तनांक, तापमान आणि एका मिनिटात तो किती चढला हे तीन आकडे लिहा. चुकलं असेल तर कुठे चुकलं ते या तीन आकड्यांवरून आधी शोधू, पाखरं निघायच्या आत.